पुंगळीला तडा

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. मध्यंतरी मावशीने फोनवर विचारलंसुद्धा, "ब्लॉग बंद केलास का गं?" बंद नाही केला. एक गोष्ट मनात घोळत होती, तिचा शेवट हाती येत नव्हता. मागच्या आठवड्यात तो आला, म्हणून आज लिहायला बसलेय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात झाली दादाच्या एका फोटोने. दादा म्हणजे माझा कोलोरॅडोचा मावसभाऊ. घरातले सगळे त्याला ओळखतात, बाकीच्यांसाठी सांगते, की हा मुलुंडमध्ये माझ्यासोबत विटीदांडू खेळलेला माणूस तिकडे जाऊन रायफल शूटिंगच्या नादी लागला. नाद इतका, की काडतुसं विकत न आणता घरी भरतो. एकदा उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी फेकायची नाही. ती साफ करायची, साच्यातून दाबून परत मापात आणायची, बुडाला नवा प्रायमर बसवायचा, तोलून दारू भरायची आणि तोंडात नवी गोळी बसवायची. गॅरेजमध्ये त्याचं एक टेबल आहे त्यासाठी. वहिनी त्याला 'देवघर' म्हणते.

तर दादाने आमच्या घरच्या ग्रुपवर पाच-सहा पुंगळ्यांचा फोटो टाकला. तोंडापाशी, जिथे पितळ गोळीला धरून ठेवतं तिथे, प्रत्येकीला उभा बारीक तडा. खाली लिहिलं होतं, "काका, तुम्ही पितळेतले. हे काय असेल?"

काका म्हणजे माझे बाबा. अंबरनाथच्या एका पितळ कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काढली. सकाळची सहा-बावीसची गाडी, डबा, आणि संध्याकाळी शर्टाला येणारा तो धातूचा वास. आज ते ब्याऐंशीचे आहेत. ऐकू कमी येतं, पण फोटो मोठा करून बघता येतो. त्यांनी बघितला, चष्मा काढला, परत बघितला. मग मला म्हणाले, "त्याला विचार, या पुंगळ्या तो पुसतो कशाने आणि ठेवतो कुठे?"

मला वाटलं म्हाताऱ्याचा प्रश्न चुकला. दादाची तक्रार होती नेम बिघडल्याची. आधी शंभर यार्डांवर पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसायच्या, त्या आता तळहाताएवढ्या पसरायला लागल्या होत्या. त्याने दुर्बिणीचे स्क्रू तपासले, दारूचा नवा डबा आणला, तराजू बदलला. शिवाय जुलैच्या उन्हात दोन-तीन वेळा बोल्ट उघडायला जड गेला आणि प्रायमर चपटे झालेले दिसले, म्हणजे आतला दाब वाढला होता. एवढं सगळं सांगितल्यावर बाबा विचारतात काय, तर पुसतोस कशाने!

पण प्रश्न बरोबर होता. आणि त्याच्या मागे दीडेकशे वर्षांचा इतिहास होता, बराचसा आपल्याच देशातला. तो बाबांकडून तुकड्यातुकड्याने ऐकला, काही मी वाचला.

*

आधी पुंगळी म्हणजे काय ते नीट सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. मला वाटायचं ती नुसती डबी आहे, दारू ठेवायची. तसं नाही. बार उडतो तेव्हा बंदुकीच्या नळीचा मागचा भाग हवाबंद करायचं काम ती पुंगळी करते. दारू पेटली की पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं, आणि वायूला मागे यायला वाट राहत नाही. दाब उतरला की तेच पितळ किंचित आकसतं, म्हणून पुंगळी ओढून काढता येते. फुगायचं आणि परत आकसायचं, हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. पितळ फार मऊ असेल तर ते आकसणार नाही, आत अडकेल. फार कडक असेल तर फुगताना फाटेल. म्हणून एकाच पुंगळीचं बूड कडक आणि तोंड मऊ ठेवावं लागतं.

ही गोष्ट माणसाला एका दिवसात कळली नाही.

१८५७ च्या एन्फिल्ड बंदुकीची कागदी काडतुसं आपल्याला शाळेतच भेटलेली असतात, दातांनी तोडायची ती. त्यात पुंगळीच नव्हती. ठासणीची बंदूक ती, दारू आणि गोळी पुढून आत ठासायची. १८६६ मध्ये त्याच एन्फिल्डला मागून काडतूस भरायची सोय केली, ती स्नायडर. तिचं काडतूस कर्नल बॉक्सर यांनी बनवलं होतं: पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली नळी आणि खाली लोखंडी बूड. आपल्याकडे पानपट्टीवाला कागदाची पुडी वळतो ना, साधारण तसला प्रकार. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला तो १८६९ सालचा, म्हणजे याच काळातला.

मग १८७१ मध्ये गोऱ्या पलटणींसाठी मार्टिनी-हेन्री आली. देशी पलटणींच्या हाती मात्र स्नायडरच राहिली. सत्तावन्ननंतर ठरवूनच त्यांना एक पिढी जुनं हत्यार दिलं जायचं. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला इंग्रजांचा मोठा पराभव झाला, तिथे आपल्या मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, बॉम्बे ग्रेनेडिअर्स आणि जेकब्ज रायफल्स. त्यांच्याकडे स्नायडर, आणि शेजारच्या ६६ व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी. (शेरलॉक होम्सच्या वाचकांनो, डॉ. वॉटसनला गोळी लागली ती याच लढाईत. कादंबरीतला माणूस आणि आपल्या मुंबई इलाख्यातले शिपाई एकाच मैदानात!)

मार्टिनीचं काडतूसही गुंडाळलेल्या पत्र्याचंच होतं. कवायतीच्या मैदानावर ठीक चाले. पण वाळवंटात, नळी तापलेली, काळ्या दारूची काजळी साचलेली, वर धूळ, अशा वेळी तो पत्रा चेंबरला चिकटे आणि खेचायला गेलं की नुसतं बूड हातात येई. १७ जानेवारी १८८५ ला सुदानमध्ये अबू क्लेच्या लढाईत बंदुका अशा अडकल्या, आणि समोर भालेवाले होते. त्यानंतर गुंडाळलेला पत्रा मागे पडला आणि एकाच पितळी चकतीतून ओढून काढलेली, बिनजोडाची पुंगळी सगळीकडे आली.

इथे बाबा थांबले आणि म्हणाले, "आता लक्ष दे. इथेच दुसरं दुखणं जन्माला आलं."

*

पुण्याच्या तांबट आळीत मी लहानपणी आत्याकडे जायचे तेव्हा दिवसभर ठोक्यांचा आवाज. तांबट तांब्याचा पत्रा ठोकतो, ठोकतो, आणि मध्येच थांबून भांडं भट्टीत धरतो. मला वाटायचं रंग यायला धरत असेल. बाबा म्हणाले, ठोकून ठोकून धातू कडक होतो, हट्टी होतो, आणखी ठोकला तर फाटतो. तापवला की परत मऊ पडतो, मग पुढचे ठोके सोसतो.

पुंगळीचंही तेच. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असलेल्या पितळेची जाड चकती घ्यायची, तिची वाटी करायची, वाटी ओढून पेला करायचा, पेला ओढून नळी. दर ओढणीनंतर भट्टी. शेवटी तोंड आवळून गोळीच्या मापाचं करायचं. पण या शेवटच्या आवळण्यात धातूच्या आत जो ताण राहतो, तो बाहेरून दिसत नाही. पुंगळी चकचकीत असते, मापात असते, तपासनीस शिक्का मारतो. आत मात्र धातूचा एक थर दुसऱ्याला खेचत बसलेला असतो, वर्षानुवर्षं. एकत्र कुटुंबासारखं, असं बाबा म्हणाले. (आई स्वयंपाकघरातून "ऐकू येतंय हं मला" म्हणाली.)

आता हिंदुस्थानातला पावसाळा. एकोणिसाव्या शतकात पावसाळ्यात लष्कराच्या हालचाली मंदावत. चिखलात तोफा कोण ओढणार? मग काडतुसांच्या पेट्या चार महिने ठेवायच्या कुठे, तर घोड्यांच्या तबेल्यात. कोरडी, छपराची जागा तीच. दसऱ्याच्या सुमारास पेट्या उघडल्या की आतल्या कित्येक पुंगळ्यांना तडे गेलेले. न उडवता. न पडता. कुणी हात न लावता. आणि तडे बहुतेक तिथेच, जिथे पितळ गोळीभोवती आवळलेलं असतं. दादाच्या फोटोतली जागा हीच.

इंग्रजीत या रोगाला नाव पडलं सीझन क्रॅकिंग. नावातच ऋतू आहे. नाव मिळालं, पण कारण मिळायला १९२१ साल उजाडलं. वुलिचच्या सरकारी संशोधन विभागातले मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी त्या वर्षी निबंध लिहिला आणि कोडं सोडवलं. गुन्हेगार होता अमोनिया. घोड्यांच्या मुतातून उठणारा, तबेल्यात शिरलं की डोळे चुरचुरवणारा वायू. पावसाळ्याच्या दमट हवेत पितळेवर पाण्याचा न दिसणारा पातळ थर बसतो, त्यात अमोनिया विरघळतो आणि तांब्याशी संयोग पावतो. धातूचे जे दाणे असतात, त्यांच्या मधल्या फटीतून तो आत शिरतो. (धातूला दाणे असतात हे खोटं वाटत असेल तर एखाद्या जुन्या वाड्याच्या दाराची पितळी मूठ बघा. पिढ्यानपिढ्यांच्या हातांच्या घामाने पृष्ठभाग झिजून दाणे उघडे पडलेले दिसतात.) आणि आत जो जुना ताण वाट बघत बसलेला असतो, तो ती फट ओढून उघडतो. अमोनिया आणखी आत, फट आणखी मोठी.

यातली खरी गंमत अशी, की तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. ताण, ओल आणि अमोनिया. ताण नसलेली पुंगळी तबेल्यात ठेवली तर काळवंडेल, पण तडकणार नाही. ताण असलेली पुंगळी स्वच्छ हवेत शंभर वर्षं राहील. उपायही त्यातूनच निघाला. ताण काढून टाकायचा. तयार पुंगळी शेवटी एकदा हलकी तापवायची, अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत. एवढ्या उष्णतेने पितळ मऊ पडत नाही, पण आतला राग शांत होतो. शिवाय तोंड जरा जास्त तापवून मऊ करतात. लष्करी काडतुसांच्या मानेवर तो निळसर-तपकिरी डाग अजून दिसतो. नवख्यांना तो गंज वाटतो. खरं म्हणजे ती तब्येतीची खूण आहे.

बाबांच्या प्रयोगशाळेत यासाठी एक चाचणी होती. पितळेचा नमुना पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचा. आत ताण असेल तर पाहता पाहता तडे दिसायला लागतात. "महिन्यांनी व्हायचं ते मिनिटांत कळतं," बाबा म्हणाले, "फक्त तो नमुना फुकट जातो. माणसाचंही तसंच असतं म्हणा, ताण आहे की नाही हे कळेपर्यंत..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते पुरी करत नाहीत.

*

आता दादाच्या दोन तक्रारी. नेम आणि दाब.

नेमाचं उत्तर मानेत आहे. पुंगळीची मान गोळीला किती घट्ट धरते यावर दारू कशी पेट घेते ते अवलंबून असतं. गोळीने जरा तग धरला तर दाब एकसारखा चढतो. मान एका पुंगळीत घट्ट, दुसरीत सैल, तिसरीत तडकलेली असेल, तर दारू मिलिग्रॅमपर्यंत तोलून भरा, प्रत्येक गोळी वेगळ्या वेगाने निघणार. वेग कमी तर गोळी खाली बसते, जास्त तर वर. दादाचा पसारा उभा होता, आडवा नव्हता. बाबांनी हे फोनवर विचारून घेतलं तेव्हा दादा गप्प झाला. त्याने ते पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

याच कारणासाठी मोठे नेमबाज काडतुसांच्या बाबतीत इतके चोखंदळ असतात. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं, कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक ब्राँझ आणलं. (मध्य रेल्वेचा माणूस! आमच्या लाईनचा!) या खेळातली .२२ ची काडतुसं घरी भरायची नसतात, कारखान्यातूनच येतात. पण एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक असतो, आणि एका नळीला मानवणारा लॉट दुसरीला मानवत नाही. म्हणून या पातळीचे खेळाडू आपल्या नळीतून वेगवेगळे लॉट झाडून बघतात आणि जमलेला लॉट साठवून ठेवतात. तांदूळ घेताना आई दुकानात चार दाणे चावून बघते तसंच.

दाबाचं उत्तर उन्हात होतं. तेही जुनंच प्रकरण. १८८९ मध्ये एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट ही बिनधुराची दारू काढली. पहिल्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के चक्क व्हॅसलीनच्या जातीची जेली. शेवयांसारख्या काड्या असत तिच्या. .३०३ च्या काडतुसात त्या काड्या आधी भरायच्या आणि मग पुंगळीची मान आवळायची, कारण नंतर त्या अरुंद तोंडातून आत जात नसत. ही दारू इतकी गरम जळे, की काळ्या दारूसाठी बनवलेल्या ली-मेटफर्ड रायफलीच्या उथळ आट्या तिने खाऊन टाकल्या आणि १८९५ मध्ये खोल आट्यांची ली-एन्फिल्ड आणावी लागली. पुढे दारूतलं नायट्रोग्लिसरीनही ३० टक्क्यांवर उतरवलं. दर उपायातून नवं दुखणं, आणि त्या दुखण्यावर नवा उपाय.

तर कुठलीही दारू आधीच तापलेली असेल तर जास्त वेगाने जळते आणि दाब वर चढतो. .३०३ मध्ये तो एरवीच चौरस इंचाला १८-१९ टन. इंग्लंडच्या थंडीत ठरवलेलं माप मे महिन्यात नागपूरच्या उन्हात तेच राहत नाही. म्हणून विलायती बंदूकवाले हिंदुस्थान आणि आफ्रिकेत जाणाऱ्या शिकाऱ्यांसाठी 'ट्रॉपिकल' म्हणून कमी दारूची काडतुसं काढत. दादाने माप ठरवलं होतं जानेवारीच्या बर्फात, आणि काडतुसं उडवली जुलैत, गाडीच्या डिकीत दोन तास तापल्यावर.

आणि पुसतोस कशाने? तर भांडी घासायच्या पॉलिशने, पुंगळ्या सोन्यासारख्या चमकाव्यात म्हणून. डबीवर बारीक अक्षरात घटक लिहिले होते. त्यात अमोनिया होता. दादाने आपला तबेला स्वतःच बांधला होता, गॅरेजमध्ये, हौसेने.

बाबांनी निरोप दिला, "सगळ्या पुंगळ्या भंगारात टाक. ज्यांना तडा दिसत नाही त्यासुद्धा. मानेचा तडा नेम घालवतो, तोच बुडाशी गेला तर अठरा टनांचा वायू मागे येतो, तुझ्या डोळ्यांकडे. आणि उन्हाळ्याचं माप तिथल्या जाणत्या माणसाला विचारून नव्याने ठरव." दादाने टाकल्या. चारशे होत्या म्हणे. वहिनीने माझ्या वडिलांना स्वतंत्र मेसेज करून आभार मानले.

इथे ही पोस्ट संपायला हरकत नव्हती.

*

पण त्या रात्री बाबा झोपले नाहीत. दोन वाजता मी पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये दिवा. बाबा स्टुलावर बसलेले, मांडीवर त्यांचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात त्यांचं सगळं जग असतं, जुने स्क्रू, किल्ल्या, फ्यूज, कुठल्या कुठल्या चाव्या. त्यांच्या हातात एक पितळी नट होता आणि ते भिंगातून त्याच्याकडे बघत होते.

तो नट मी ओळखला. तीन वर्षांपूर्वीच्या जुलैतला. पहाटे चारला बेल वाजली, खालच्या काकू दारात, केस पिंजारलेले. बाथरूमच्या मागच्या डक्टमध्ये आमच्या पाइपचा नट फुटला होता आणि त्यांच्या नव्या कोऱ्या फॉल्स सीलिंगचा अर्धा भाग पलंगावर उतरला होता. नशीब, पलंगावर कोणी नव्हतं. पुढचं उपनगरात राहणाऱ्यांना सांगायला नको. सोसायटीची मीटिंग, सेक्रेटरींचं भाषण, खर्च कुणाचा. तो नट एप्रिलमध्ये आमच्या नेहमीच्या प्लंबरने बसवला होता. सगळ्यांचं एकमत झालं, की त्याने पान्याने भलता आवळला आणि फोडला. तो म्हणत होता, "मी हाताने लावून पान्याचा अर्धाच फेरा दिला होता." कोण ऐकतो? त्याचे सोसायटीकडे येणे असलेले चार हजार रुपये कापले आणि त्याला परत बोलावायचं नाही असं ठरलं. पंधरा वर्षं येत होता आमच्याकडे. हात वर करणाऱ्यांत मी होते. बाबाही होते.

"बघ," बाबा म्हणाले आणि भिंग माझ्या हातात दिलं. तडा सरळ नव्हता. नदीच्या नकाशासारखा होता, फांद्या फुटलेला. काठाला निळसर-हिरवी झाक. "जास्त आवळून फुटला तर एक सरळ चीर पडते, धातू आधी जरा ताणला जातो. हा तसा नाही. हा आतून सावकाश कुजत गेलाय. मी हे एकतीस वर्षं बघितलंय गं. आणि घरात आलं तेव्हा दिसलं नाही मला."

मला अजून कळेना. अमोनिया कुठून? आपल्याकडे घोडे कुठे आहेत?

बाबांनी नुसती मान डक्टच्या दिशेने वळवली. आणि त्याच वेळी आतून आवाज आला. गुटर्रगूं.

आमच्या डक्टमध्ये कबुतरांच्या शिटेचा थर घोट्याएवढा आहे. मुंबईत कुणाच्या डक्टमध्ये नाही? ती शीट कुजली की अमोनिया सुटतो. जुलैत डक्टच्या भिंती चोवीस तास ओल्या. आणि बाजारातला स्वस्त पितळी नट, शेवटी भट्टी दाखवायचा खर्च कोण करणार? ताण, ओल, अमोनिया. तबेला आमच्या बाथरूमच्या मागेच होता. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढा गदारोळ झाला, तेव्हा आम्ही घरी बसून दोन्ही बाजूंनी वाद घातला. पण नटाची आठवण कुणालाच झाली नाही.

*

प्लंबरला शोधायला पंधरा दिवस लागले. जुना नंबर बंद होता. शेवटी स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्याकडून कळलं, की तो आता भांडुपला एका नव्या टॉवरच्या कामावर असतो. मी आणि बाबा रिक्षाने गेलो. बाबांनी नट रुमालात बांधून घेतला होता, जसा देवाचा टाक न्यावा तसा.

तो भेटला. केस पिकलेत. बाबांनी गेटवर उभ्या उभ्याच त्याला सगळं सांगितलं, घोडे, तबेला, पावसाळा, वुलिच, दाणे, सगळं. मागे मिक्सर फिरत होता, त्याला निम्मं ऐकू आलं असेल. त्याने नट हातात घेतला, नखाने तडा चाचपला आणि म्हणाला, "काका, हे मला तेव्हाच माहीत होतं."

"अमोनियाचं?" मी विचारलं.

"नाही ताई. मी जास्त आवळला नव्हता, हे."

बाबा जरा वेळ गप्प उभे राहिले. मग त्यांच्या त्या काटेकोर प्रयोगशाळेच्या आवाजात म्हणाले, "थोडा ताण तुझ्या पान्याचाही असेल. तो असतोच, नट लावायचा म्हटल्यावर. पण तू काम बरोबर केलं होतंस. बघायला आम्ही चुकलो." आणि खिशातून पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. चार हजार, अधिक तीन वर्षांचं व्याज. व्याज त्यांनी कागदावर मांडून आणलं होतं, टपाल खात्याच्या दराने. त्याने चार हजार मोजून घेतले. व्याजाचे पैसे परत दिले. म्हणाला, "हे नको. त्या सेक्रेटरीसाहेबांना मात्र सांगा."

सांगितलं. मागच्या रविवारच्या मीटिंगमध्ये बाबांनी उभं राहून सांगितलं आणि नट टेबलावर ठेवला. दोघं-तिघं म्हणाले, जाऊ द्या हो, तीन वर्षं झाली. मिनिट्समध्ये मात्र नोंद झाली. डक्ट साफ करून वर जाळी बसवायचंही ठरलं, त्याचं कोटेशन मागवलंय. बघू.

मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांचा निबंध यायच्या आधी कित्येक पावसाळे त्या पेट्या उघडल्या गेल्या असतील. दर वेळी समोर कुणी ना कुणी उभं असेल, पेटीची किल्ली कमरेला असलेलं. त्याला काय काय ऐकावं लागलं असेल, हे कुठे लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. आमच्या सोसायटीत तेच व्हायला घोडेही लागले नाहीत.

दादाने आता लिंबाचा रस आणि साधा साबण वापरायला सुरुवात केलीय. नट बाबांनी परत डब्यात ठेवलाय, वेगळ्या पुडीत, वर तारीख घालून.